वस्तीत मुलांसाठी फुकट गाण्याचा वर्ग काढायचाय? आधी पाणी किती वाजता येतं ते विचारा

पुण्यात गाणं शिकायची सोय नाही असं कुणी म्हणणार नाही. भारत गायन समाज १९११ सालचा, गांधर्व महाविद्यालय विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली काढलेलं, आणि दर दोन सोसायट्यांमागे एक ताई पेटी घेऊन बसलेली असतेच. पण जनता वसाहत, पाटील इस्टेट, ताडीवाला रोड, अप्पर इंदिरानगर इथल्या मुलांपर्यंत यातलं काही पोचत नाही, आणि त्याचं कारण नुसती फी नाहीये. फी माफ केली तरी पोरीला बसनं नेणार कोण, अंधार पडल्यावर आणणार कोण, आणि तेवढा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेणार कोण. म्हणून वर्ग वस्तीत न्यावा लागतो. मी सात वर्षं पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीत आठवड्याला तीन दिवस गाणं आणि तबल्याचा वर्ग चालवतेय, माझ्यासोबत एक तबल्याचे सर आहेत आणि दोन-तीन मदतीची मंडळी. बरेच जण फोन करून विचारतात की कसं सुरू करायचं, दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी वाद्यं घेतली, मग बॅनर छापला, मग उद्घाटन, नारळ, पाहुणे, साठ मुलं. दिवाळीनंतर नऊ उरली. तेव्हा आम्ही म्हणायचो की पालकांना किंमत नाही, फुकट आहे ना म्हणून. आता ते आठवलं की लाज वाटते. वर्ग फुकट होता, पण मुलांचा वेळ फुकट नव्हता आणि आम्ही तो कुणाला विचारला नव्हता.

आधी महिनाभर नुसतं फिरा

वाद्य, जागा, नाव, लोगो काही नको. एक वही घ्या आणि संध्याकाळी चार ते आठ वस्तीत जा, वेगवेगळ्या वारी जा. शाळा किती वाजता सुटते (महापालिकेच्या काही शाळा दोन सत्रांत भरतात, म्हणजे अर्धी मुलं दुपारी मोकळी आणि अर्धी संध्याकाळी), क्लासला कोण जातं, कामाला कोण जातं, आया घरकामाहून कधी परततात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळाला पाणी कधी येतं. आमच्याकडे ते साडेपाचला यायचं आणि आमचा वर्ग होता साडेपाचचा. मुलगे यायचे, मुली यायच्याच नाहीत, आणि आम्ही दोन महिने मुलींना गाण्यात रस नाही यावर गंभीर चर्चा करत होतो! शेवटी एका मावशींनीच सांगितलं, "ताई, सव्वासहाला ठेवा की, हंडे भरून झाल्यावर सोडते." सव्वासहा केलं आणि पुढच्याच आठवड्यात अकरा मुली आल्या.

ही माहिती फॉर्म भरून मिळत नाही. कट्ट्यावर बसा, अंगणवाडीच्या ताईंशी बोला, किराणा दुकानात उभे राहा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना पहिल्या आठवड्यातच भेटा, नंतर नाही. त्यांना न विचारता काही सुरू केलं तर ते अडवतीलच असं नाही, पण मदत नक्की करणार नाहीत, आणि वस्तीत मदतीशिवाय लाइटचा बोर्डसुद्धा मिळत नाही.

जागा

पर्याय साधारण ठरलेले असतात: मनपा शाळेची खोली, समाजमंदिर, बुद्धविहार, मंडळाचा हॉल, अभ्यासिका. शाळेची खोली सगळ्यात चांगली कारण टॉयलेट असतं आणि आया निर्धास्त असतात, पण परवानगी लेखी घ्या, मुख्याध्यापकांच्या तोंडी हो वर जाऊ नका, त्यांची बदली झाली की आपण रस्त्यावर. समाजमंदिर पटकन मिळतं पण लग्नसराईत, जयंतीला, निवडणुकीत हातातून जातं, म्हणून दुसरी जागा मनात ठेवूनच चालायचं. देवळाचा किंवा विहाराचा हॉल घेत असाल तर आधी हे बघा की तिथं वस्तीतली सगळी घरं पाय ठेवतात का. हे कुणी तोंडानं सांगत नाही, दोन-चार वेळा गेल्यावर आपोआप कळतं.

जागेत हवं काय? पंखा, एक चालू प्लग, दार उघडं ठेवता येईल अशी रचना, आणि कुलपाचं कपाट. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक तुमच्याकडे आणि एक वस्तीतल्याच माणसाकडे. ज्या दिवशी तुम्ही सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकाल त्या दिवशी ही दुसरी किल्ली वर्ग वाचवते.

सोळाच मुलं घ्या

हे माझं ठाम मत आहे आणि बरेच जण यावर भांडतात. देणगीदाराला साठ-सत्तर आकडा आवडतो, फोटोत गर्दी दिसते. पण एका पेटीवर एका शिक्षकाला सोळाच्या वर मुलांचा आवाज वेगवेगळा ऐकू येत नाही. आणि सोळाच का, तर तीनताल हा ताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा. आम्ही मुलांना चार-चारच्या चार ओळींत उभं करतो आणि प्रत्येक मूल म्हणजे एक मात्रा, आपला नंबर आला की आपला बोल म्हणायचा, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिली, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळी वाजवते, नववी हात बाजूला फिरवून 'खाली' (म्हणजे टाळी नसलेली जागा) दाखवते. आता यात एक मूल आलं नाही की तालाला भोक पडतं, सगळ्यांना ते ऐकू येतं, आणि मग मुलंच ओरडतात, "ताई, नववी मात्रा नाही आली आज!" आणि दोघं पळत जाऊन तिला घेऊन येतात. हजेरीसाठी आम्ही बक्षिसं, स्टार, चॉकलेट सगळं करून पाहिलं होतं, पण खरं चाललं ते हे.

वय आठ ते अकरा असताना सुरू करा. धाकटी भावंडं येणारच, त्यांना हाकलू नका, हाकललं की मोठी बहीणही जाते. त्यांना मागे सतरंजी आणि खडू द्या. ऑडिशन घेऊ नका, प्लीज. जो येईल तो आधी, जागा भरली की वेटिंग लिस्ट, आणि मुलींच्या निदान आठ जागा राखून ठेवा कारण मुलगे पहिल्या दिवशी पळत येतात आणि मुली तिसऱ्या आठवड्यात विचारून विचारून.

शिक्षकाला पैसे द्या

हौशी स्वयंसेवक चांगलेच असतात, पण परीक्षा आली, नोकरी लागली, लग्न ठरलं की जातात आणि मुलांना कुणीतरी सोडून जायची आधीच फार सवय असते. मुख्य शिक्षकाला मानधन द्या, कमी का असेना पण ठरलेल्या तारखेला. हिशेब सोपा आहे, आठवड्याला तीन दिवस दीड-दीड तास, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर १२० वर्ग म्हणजे १८० तास. समजा तासाला चारशे रुपये ठरले तर वर्षाचे बहात्तर हजार, एका शिक्षकाचे. हा आकडा हातात असल्याशिवाय सुरू करू नका, निदान पहिल्या वर्षाचा. वाद्यं मागून मिळतात, मानधन मागून मिळत नाही.

शिक्षक निवडताना पदवी दुय्यम. विशारद झालेले दोन जण आमच्याकडे आले आणि महिन्यात गेले, कारण त्यांना गोंगाट सहन होईना. आत्ताचे तबल्याचे सर आधी भजनी मंडळात वाजवायचे, शेजारी कपड्यांच्या दुकानात टेप चालू असला तरी ते त्याच ठेक्यात सरळ शिकवायला सुरुवात करतात. उमेदवाराला एक वर्ग घ्यायला लावा आणि तुम्ही फक्त एवढं बघा की मूल चुकलं की याचा चेहरा कसा होतो.

वाद्यं: काय घ्यायचं, काय नाही

सुरुवातीला लागतं फार थोडं. एक पेटी, एक तबलाजोडी, झांजा किंवा टाळ दोन-तीन जोड, आणि फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप व एक बरा स्पीकर. बास. खरा तानपुरा मिरजेचा, त्याचा नाद काय असतो ते मला माहीत आहे, पण पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात त्याचे हाल करू नका.

पेटी आधी मागा, मग विकत घ्या. पुण्यात कितीतरी घरांत आजीची पेटी माळ्यावर किंवा दिवाणात पडून असते. आम्हाला अशीच कोथरूडातून एक मिळाली, छान सागवानी, वर्ग सुरू झाला आणि भाता मारला तर हवाच भरेना. मागची फळी उघडली तर आत उंदराचं घर, भात्याचं चामडं कुरतडलेलं, आणि मधोमध कुणाची तरी लग्नपत्रिका, बारीक बारीक तुकडे केलेली. दुरुस्ती झाली, अजून वाजतेय. तेव्हा दान मिळालेली पेटी घ्या पण दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवूनच घ्या. तपासायची रीत अशी: भाता पूर्ण भरा, एकही पट्टी न दाबता सोडा, बघा तो किती सावकाश मिटतो. भसकन बसला तर गळती. मग सगळे स्टॉप उघडून एकेक पट्टी दाबा, कुठली गुणगुणते, कुठली वर येत नाही, कुठली न दाबताच बोलते. शेवटी फोनवर ट्यूनर लावून सूर बघा. नवी घेत असाल तर स्केल चेंजरच्या (सूर सरकवता येणाऱ्या पेटीच्या) मोहात पडू नका, तो जड असतो, महाग असतो आणि मुलांच्या हाताखाली लवकर बिघडतो. साधी, मजबूत, डबल रीडची पुरे.

तबला घेताना लोक एक चूक हमखास करतात, पट्टी (म्हणजे गाण्याचा सा कुठं धरायचा ते) न ठरवता तबला आणतात. लहान मुलं साधारण काळी चार, काळी पाचला (हे पेटीच्या काळ्या पट्ट्यांचे नंबर) आरामात गातात. आम्ही आणला काळी एकचा, दिसायला सुंदर. आता काळी चारचा सा धरला तर काळी एक म्हणजे मध्यम, म्हणजे म हा स्वर, आणि आम्ही शिकवत होतो भूप राग, ज्यात मध्यमच नाही! गाणारे एका गावात, तबला दुसऱ्या. काळी चारचा तबला तोंडाला जरा मोठा असतो, दुकानात स्पष्ट सांगा आणि तिथंच सा लावून घ्या. डग्गा स्टीलचा किंवा तांब्याचा, मातीचा नको. चुंबळ आणि हातोडी यांची नावं वहीत लिहून ठेवा कारण सगळ्यात आधी त्याच हरवतात.

पावसाळा हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून सूर उतरत राहतो आणि पेटीचं लाकूड फुगून पट्ट्या चिकटतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली पाट ठेवा, आणि तबला उन्हात वाळवायला तर अजिबात ठेवू नका. एका जुलैत आमच्या पेटीची नेमकी वरच्या सप्तकातली काळी एक चिकटली, म्हणजे पुन्हा तोच मध्यम. दुरुस्तीवाले पंधरा दिवस आले नाहीत. मग काय, महिनाभर भूप आणि फक्त भूप, सा रे ग प ध, मध्यमाशिवाय संसार. मुलांचा भूप इतका पक्का झाला की नंतर दुर्गा राग शिकवायला घेतला तर त्यात मध्यम आल्यावर एकानं नाक मुरडलं.

घरी सराव कशावर करायचा? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, तिथं पेटी घरी देणं म्हणजे भांडण देणं. आम्ही वर्गाच्या आधी पाऊण तास खोली उघडी ठेवतो, पंधरा-पंधरा मिनिटांचे नंबर लावतो. तबल्याचे बोल तोंडानं आणि पाटावर. गाणाऱ्यांना आईच्या फोनवर सा आणि दोन पलटे (स्वरांचे सरावाचे तुकडे) रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, रात्री भांडी घासताना म्हणा. बासरीचा विचार करत असाल तर बरं आहे, स्वस्त आणि खिशात मावणारी, पण सगळ्यांना एकाच पट्टीची आणि छोटी घ्या, मोठ्या बासरीवर आठ वर्षांच्या पोराची बोटं भोकांवर पोचत नाहीत. जत्रेतली बासरी नको, ती वाजते पण सुरात नसते.

पहिले तीन महिने प्रत्यक्ष शिकवायचं काय

पहिल्या दिवशी पेटी उघडूच नका. मुलांना विचारा तुमच्या घरी काय गातात. आमच्याकडे अभंग निघाले, भीमगीतं निघाली, गवळण निघाली, कव्वाली निघाली, एकाच्या काकाची हलगी निघाली, आणि ढोल तर सगळ्यांनाच येत होता. हे सामान घेऊनच मुलं येतात. मग आपण आल्या आल्या शुद्ध, पवित्र, शास्त्रीय वगैरे सुरू केलं की त्यांना एवढंच कळतं की घरचं गाणं हलकं आहे. पहिली चार गाणी त्यांच्या घरातली घ्या, सूर नीट लावून घ्या, केहेरवा नाहीतर दादरा त्याच गाण्यात दाखवा, आठ आणि सहा मात्रा, नाव नंतर सांगा.

हजेरी सुरात घ्या. मी काळी चारच्या सा वर नाव गाते, मूल त्याच सुरात "हजर ताई" म्हणतं. पाच मिनिटांत सोळा जणांचे गळे ऐकून होतात, कोणाला सर्दी, कोण रडून आलंय, कोण सुराच्या खाली लागतंय, सगळं कळतं. आणि जे मूल खालीच लागतं त्याला "तुला सूर नाही" हे वाक्य आयुष्यात कधी म्हणू नका. बहुतेकदा त्यानं तोपर्यंत फक्त ओरडण्याच्या किंवा बोलण्याच्या आवाजात तोंड उघडलेलं असतं, वरचा हलका आवाज आपल्याला आहे हेच माहीत नसतं. अशा वेळी तुम्ही त्याच्या सुरावर जा, तो जिथं लागतोय तोच सा धरा, जमला की अर्धा-अर्धा सूर वर सरका. मांजराचा आवाज, सायरन, भाजीवाल्याची आरोळी, असले खेळ फार उपयोगी. अजून एक, शिक्षक पुरुष असेल तर लहान मुलं त्याचा जाड आवाज ऐकून गोंधळतात आणि खाली शोधायला जातात, तेव्हा एखाद्या सुरेल मुलीला पुढं बसवून तिच्यामागं म्हणायला लावा.

दीड तास कसा जातो ते सांगते. आल्यावर केळं. शेंगदाणे आधी नको, घसा खवखवतो आणि खोकत बसतात, शेंगदाणा-गूळ जाताना. मुलं शाळेतून येऊन काही न खाता आलेली असतात हे गृहीत धरा, उपाशी पोटी दम लागत नाही. मग हजेरी, मग सा लांब धरणं आणि दोन पलटे, सारेग रेगम गमप, याच्यापुढं पहिल्या महिन्यात जाऊ नका. मग सगळे उभे राहून ताल, मात्रांच्या ओळी, हातावर टाळी-खाली. मग दोन गट, एक गाण्याचा आणि एक तबल्याचा, अर्ध्या तासानं अदलाबदल, पहिलं वर्षभर दोन्ही सगळ्यांना. शेवटची दहा मिनिटं एकत्र गाणं, आणि त्यात कुणीही काहीही सुधारायचं नाही, गाऊ द्यायचं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी भूपाची सरगम, एक छोटी बंदिश, तीनताल हातावर आणि दादरा-केहेरव्याचा ठेका एवढं आलं तर खूप झालं.

फोनवर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं तेच एक गाणं रेकॉर्ड करून ठेवा. देणगीदार इम्पॅक्ट मागतात तेव्हा उपयोग होतो, पण त्याहून जास्त मुलांना. स्वतःचा जुना आवाज ऐकून लोळून हसतात आणि काय सुधारलं ते त्यांचं त्यांनाच कळतं.

मुलग्यांचा आवाज फुटतो तेरा-चौदाच्या आसपास. तेव्हा त्यांना गप्प बसवू नका, खालची पट्टी द्या, लांब सूर नको, तबल्यावर जरा जास्त वेळ द्या. याच वयात गळती सगळ्यात जास्त होते, कारण हसतात ना बाकीचे.

मुलांची सुरक्षितता, यात सवलत नाही

वर्गात कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. दार उघडं. एकट्या मुलाला थांबवून घ्यायचं नाही, कुणालाही गाडीवर सोडायचं नाही, वर्ग सुटला की एका गल्लीतली मुलं एकत्र निघतात आणि मोठी माणसं कोपऱ्यापर्यंत. शिक्षक, स्वयंसेवक सगळ्यांचं पोलिस व्हेरिफिकेशन, तुमचा सख्खा भाऊ असला तरी. तबला शिकवताना हाताला हात लावावा लागतो, तर आधी विचारायचं आणि सगळ्यांसमोर. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठंही टाकायचे नाहीत, आणि "गरीब बिचारी" छापाचे तर परवानगी असली तरी नाही.

एखादं मूल काही सांगेल, आज ना उद्या सांगेल. तेव्हा घाबरून आपसात मिटवायला जाऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं कुणावरही बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर भिंतीवर मोठा लिहून ठेवा, मुलांना पाठ असू द्या.

कॅलेंडर वस्तीचं, आपलं नाही

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते बंद, घरी पाहुणे, वर्ग होत नाही. हरकत नाही, त्या आठवड्यात मुलांना टाळ घेऊन पालखीला न्या. जुलैपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, नदीपात्रात आणि पुलाखाली संध्याकाळी नुसता दणदणाट, मोठे मुलगे तिकडं पळतात. पहिली दोन वर्षं मी चिडायचे. मग सरांनी एक युक्ती केली, पथकातला एक 'हात' (ढोलावरचा ठरलेला ठेका) मुलांना वर्गात वाजवून दाखवायला लावला आणि तो मात्रांत लिहून काढला, फळ्यावर. पोरं बघतच राहिली की आपण वाजवतो ते लिहिता येतं. आता ऑगस्टमध्ये वर्ग एक दिवसावर आणतो पण बंद करत नाही, आणि विसर्जनाच्या पुढच्या आठवड्यात सगळे परत असतात. मे महिन्यात अर्धी वस्ती गावी जाते, तेव्हा सुट्टी द्या, स्वतःही घ्या.

सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की घरी जायचं, हा नियम. रागवायला नाही, चहा प्यायला. तिथंच कळतं की मुलगी आता आईबरोबर कामाला जाते, किंवा घरमालकानं खोली सोडायला सांगितलीय. एका आईनं मला दारातच विचारलं होतं, "गाणं शिकून तिला पोट भरता येणार आहे का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं नाही येणार, पण आठवड्यातले तीन दिवस दीड तास ती तुमच्या नजरेच्या टप्प्यात, दोन बायांसमोर बसलेली असेल. त्यावर ती पाठवायला लागली. कारण काय का असेना.

परीक्षा, कार्यक्रम आणि सवाई

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, पुढं मध्यमा ते विशारद. दोन वर्षांनी ज्याला हवी त्यानंच द्यावी, फी वर्गानं भरावी. दहावीला शास्त्रीय कलेच्या मान्यताप्राप्त परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्यामुळं सर्टिफिकेटं प्लास्टिकमध्ये घालून वर्गाच्या कपाटातच ठेवा, घरी ती पावसात भिजतात. पण सगळ्यांना परीक्षेच्या घाण्याला जुंपू नका.

पहिला कार्यक्रम वस्तीतच करा, नाट्यगृहात नको. दोन ताडपत्र्या, एक हॅलोजन, दोन माइक, अर्धा तास. आया काम आवरून गाऊनवर ओढणी घेऊन उभ्या राहून ऐकतात, ते मोठ्या हॉलमध्ये होणार नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, १९५३ पासूनचा, तिथं एक बैठक ऐकवायला न्या, पूर्ण महोत्सवाचा अट्टहास नको. आम्ही सहा जणांना घेऊन गेलो तेव्हा विलंबित ख्याल (अगदी संथ लयीतलं गाणं) सुरू झाल्यावर दोघं झोपले, आणि एक जण माझ्या गुडघ्यावर बोटं मोजत होता, मध्येच कानात म्हणाला, "ताई, हा माणूस सम विसरला का, एवढा वेळ लागतोय?" मग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळा मांडव हलला तेव्हा तोही हलला.

पैसे आणि कागदपत्रं

हे थोडक्यात. पहिली दोन वर्षं संस्था काढू नका, आधीपासून नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली चालवा, पावत्या त्यांच्या. नंतर हवीच असेल तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली निदान सात जण लागतात, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग प्राप्तिकर खात्याकडे दोन नोंदण्या, एक संस्थेला आणि एक देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून (लोक त्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात). ८०जी मध्ये दोन हजारांवरच्या रोख देणगीला सूट मिळत नाही, तेव्हा देणाऱ्याला आधीच यूपीआय किंवा चेक सांगा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा पैसा) हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. माझा अनुभव विचाराल तर दर महिन्याला पाचशे रुपये देणारे वीस ओळखीचे लोक हे एका मोठ्या देणगीदारापेक्षा बरे, ते फोटोला येत नाहीत आणि मार्चमध्ये एकदम गायबही होत नाहीत.

वस्तीतल्या पालकांकडून काही घ्यायचं की नाही? पैसे नको. पण काम जरूर द्या. सतरंज्या धुणं, केळी आणणं, दुसरी किल्ली सांभाळणं. आमचं केळ्यांचं खातं एक काकू बघतात, हिशेब माझ्यापेक्षा चोख.

मोठ्या मुलांना पुढं करा

व्हेनेझुएलात १९७५ साली होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी कॅराकसमधल्या एका गॅरेजमध्ये अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला, त्यातून एल सिस्तेमा ही देशभराची चळवळ झाली. तिथलं सगळं आपल्याला लागू होत नाही, सरकारी पैसा तर नाहीच, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: जे मूल काल शिकलं ते आज दुसऱ्याला दाखवतं. तिसऱ्या वर्षापासून आम्ही जुन्या मुलांना एकेक काम दिलं, एकाकडे तबला लावणं, एका मुलीकडे पलटे, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण त्यांचा. त्याचं थोडं मानधनही देतो, वयानं अठरा झाल्यावर.

आमची पहिली नववी मात्रा आता पंधरा वर्षांची आहे. बुधवारची हजेरी तीच घेते. परवा मी मागं बसले होते तर तिनं काळी चार सोडून काळी पाच धरली, मी खुणेनं विचारलं काय गं, तर म्हणाली, "ताई, नवीन बॅच बारकी आहे, खाली घसा बसतो त्यांचा." मग ओळी लावल्या, धा धिं धिं धा सुरू झालं, आठनंतर शांतता. पंधरा जण तिच्याकडं बघायला लागले. तिनं पेटीचा भाता बंद केला, चप्पल पायात सरकवली आणि वरच्या गल्लीत गेली, त्याला आणायला.